आषाढातली रंगरंगोटी

नामपल्लीच्या आमच्या घरात मधल्या खोलीच्या भिंतींना कागद लावलेला होता. वॉलपेपर हा शब्द मला फार पुढे, कॉलेजात गेल्यावर कळला. तोवर आम्ही त्याला भिंतीचा कागद म्हणायचो आणि आई नुसतं 'ते' म्हणायची. ते फाटलंय, त्याच्यामागं कसर झालीय, ते बघितलं की माझं डोकं उठतं. हिरव्या जमिनीवर गुलाबी फुलांच्या परड्या आणि प्रत्येक परडीच्या काठावर एक गुबगुबीत पक्षी. पोपट म्हणावा तर चोच नाही, कबूतर म्हणावं तर शेपूट नको तितकं लांब. जमिनीपासून छतापर्यंत असे पक्षी बसलेले, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, स्वयंपाकघराकडे. आई म्हणायची, मेले माझ्या फोडणीकडं बघत बसतात.

घर भाड्याचं होतं. एका बेगमसाहेबांच्या कोठीच्या मागच्या अंगाला आमच्या तीन खोल्या, न्हाणी आणि चार तुळशी मावतील एवढं अंगण. बेगमसाहेब पुढच्या बाजूला राहायच्या. त्यांच्या सासऱ्यांनी कुण्या इंग्रजाच्या बंगल्यात असा कागद पाहिला आणि हौसेनं मागवून ह्या खोलीत लावून घेतला होता. ती खोली तेव्हा त्यांच्या बैठकीची होती. पुढं जहागीर गेली, कोठीचे भाग पडले, आणि बैठकीची खोली आमचं माजघर झाली. कागद मात्र तसाच राहिला.

आईचा त्या कागदावर राग होता तो दिसण्यापुरता नव्हता. आमच्याकडं भिंत ही नुसती टेकायची वस्तू नसते. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीवर लावायचा, नागपंचमीला भिंतीवर गेरूनं नाग काढायचे आणि त्यांना लाह्या-दूध दाखवायचं. ह्या फुलं-पक्ष्यांच्या गर्दीत जिवती कुठं लावली आहे हे शोधावं लागे. नाग तर काढताच येत नव्हते. आई दरवर्षी पाटावर नाग काढायची, पाट भिंतीला टेकवून ठेवायची, आणि पूजा करताना तिचं तोंड असं व्हायचं की नागच घाबरले असतील. गौलीगुड्याला, तिच्या माहेरी, पांढरीशुभ्र भिंत होती. माझे आजोबा वकील होते आणि त्यांच्या माजघरातली भिंत दरवर्षी चुना खात होती. आईचं अर्धं मन कायम त्या भिंतीपाशी असायचं. टांग्यानं अर्ध्या तासात जाता येईल इतकं माहेर जवळ, पण तिला तेवढंही अंतर खपत नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत तर्जुमा करायचे. उर्दूतली कागदपत्रं इंग्रजीत, इंग्रजीतली मराठीत. गल्लीत सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. ते मूळचे नांदेडकडचे, घरची शेती, दोघं थोरले भाऊ ती पाहायचे. अण्णा शिकायला म्हणून लहानपणी हैदराबादला आले आणि नोकरीत अडकले, असं आमच्या घरात बोललं जायचं. 'अडकले' हा शब्द आईचा. अण्णांनी तो कधी वापरल्याचं मला आठवत नाही, पण त्यांनी तसे फारसे शब्दच वापरले नाहीत.

आता इथं आमच्या घरची एक तऱ्हा सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आई आणि अण्णा एकमेकांशी सरळ बोलत नसत. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. त्या काळी बऱ्याच घरांत असंच होतं, पण आमच्याकडं त्याची कमाल होती. आई दोन हातांवर पोळ्या लाटत बसलेली असायची आणि अण्णा मला म्हणायचे, "आईला विचार, आज वरण आहे का." आई मला म्हणायची, "त्यांना सांग, आमटी आहे." दोघांनाही दोघांचं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी मध्ये उभी राहून मान हलवल्याशिवाय निरोप पोचला असं धरत नसत. मी म्हणजे त्या घरातलं टपालखातं होते. वरण, आमटी, धोबी, शाळेची फी, पाहुणे कधी येणार, हे टपाल बिनबोभाट चालायचं. मोठं काही असलं की मात्र दोघंही टपालात टाकायचेच नाहीत. मनातच ठेवायचे, आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते आपापलं ठरवून मोकळे व्हायचे.

आणि त्या वर्षी फारच मोठं काही आलं होतं. राज्य मोडायचं ठरलं होतं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे, मराठी भाग मुंबईकडं, कानडी म्हैसूरकडं, तेलुगू इथंच. जमिनीचे तुकडे करणं सोपं, पण कचेरीतली माणसं कशी वाटायची? प्रत्येकाला कुठं जायला आवडेल ते विचारलं होतं, पण शेवटचा शब्द वरच्यांचाच. मराठी माणूस म्हणजे तो मुंबईकडं जाणार, असं गल्लीत सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. काही जण हुकमाची वाट न बघता बायकामुलांना आधीच पुढं पाठवत होते. अण्णा दर आठवड्याला कुणाला तरी निरोप द्यायला स्टेशनवर जायचे. मुंबईला निघालेले नामपल्लीवरून, नांदेड-औरंगाबादकडचे काचीगुड्यावरून. परत आले की हात-पाय धुऊन आतल्या खोलीत जायचे. मी विचारलं, आपण कधी जाणार, तर म्हणायचे, बघू.

आईनं मनाशी ठरवून टाकलं की ह्यांनी जायचंच सांगितलं असणार. भाऊ तिकडं, शेत तिकडं, कुठला पुरुष इथं राहायचं म्हणेल? तिनं हे मला कधी सांगितलं नाही. गौलीगुड्याला आजीपाशी बोलताना मी ऐकलं. आजी म्हणाली, विचार की त्यांना. आई म्हणाली, त्यांच्या नोकरीत मी काय तोंड घालू. वकिलाची मुलगी, जिच्या घरी दिवसभर माणसं उलटसुलट प्रश्न विचारून घ्यायला यायची, तिला एक सरळ प्रश्न जमत नव्हता. येताना टांग्यात ती रडली नाही, पण वाटेतलं प्रत्येक दुकान असं बघत होती की पुन्हा दिसणारच नाही. मलाही हैदराबाद सोडायचं नव्हतं. शाळा होती, मैत्रिणी होत्या, आणि गावी काकांकडं गेलं की मला शहरातलं शेंदाड म्हणून चिडवायचे.

मग आषाढात, बाहेर पाऊस धो-धो पडत असताना, आईनं मधली खोली रंगवायला काढली.

पावसात कुणी रंग काढत नाही. घराची सफेदी करायची ती दसरा-दिवाळीला, पाऊस उघडला की, भिंती वाळल्या की. हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्या वर्षी आषाढात गल्लीत तीन-चार घरांपुढं चुन्याच्या बादल्या दिसत होत्या, पण ती सगळी निघालेली घरं. भाड्याचं घर सोडताना भिंतींना चुना देऊन, घर लख्ख करून मालकाच्या हवाली करायचं, ही आमच्या भागातली रीत. न सांगता सगळे पाळायचे. त्यामुळं पावसात कुंचा हातात घेतला की त्याचा अर्थ एकच. आईच्या हे डोक्यातच आलं नाही. तिच्या डोक्यात फक्त नागपंचमी होती.

तिनं मला बेगमसाहेबांकडं परवानगी मागायला पाठवलं. त्या बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआड पानदान मांडून बसल्या होत्या. मी भीत भीत सांगितलं की आई त्या कागदावर चुना मारायचं म्हणते. मला वाटलं होतं सासऱ्यांची आठवण म्हणून रागावतील. त्या म्हणाल्या, "हौ हौ, लगा लेव. हमकू वो कागज कब्भी पसंद नै आया. ससुर के सामने बोलते कैसा?" आणि हसल्या. हे ऐकून आईला एवढा आनंद झाला की तिनं त्यांना वाटीभर पुरणाची डाळ पाठवली. बेगमसाहेबांनी आम्ही जातोय का हे विचारलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

कागद काढून टाकता येईल का हे आईनं आधी पाहिलं. एक कोपरा ओढला तर कागदाबरोबर तळहाताएवढा गिलावा निघून आला. म्हणून वरूनच रंग द्यायचा ठरला. पहिल्या दिवशी तिनं चुन्यात थोडी नीळ आणि सरस घालून हात दिला. अंगात पाणी शिरल्याबरोबर कागद फुगला. जिथं तिथं फोड आले, त्या पक्ष्यांची पोटं सुटली आणि गुलाबी रंग विरघळून पांढऱ्यातून वर आला. भिंतीला गोवर निघाल्यासारखं दिसत होतं. मी हसले तर आईनं कुंचा माझ्याकडं रोखला. पण ती हार मानणारी नव्हती. कणकेची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकला, फोड सुईनं टोचून खळीनं दाबून बसवले. गौलीगुड्याच्या दुकानातून डिस्टेंपरची पूड आणली. पाऊस असल्यानं काही वाळेना, तेव्हा खोलीत शेगडी पेटवून ठेवली. सगळ्या घराला ओल्या कागदाचा आणि कोळशाचा वास येत होता. इतकं करून भिंत एवढीच पांढरी झाली की पक्षी आता धुक्यात बसल्यासारखे दिसायला लागले. आई त्यावरही खूश होती. मी तिला इतकी खुशीत बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका डोकावून जायच्या. त्यातली एकजण आईला म्हणाली, तुमचंही निघालं का मग. आईनं 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही, कारण तिला खरंच माहीत नव्हतं. अण्णा दोन दिवस हे सगळं बघत होते. येऊन शेगडीला वळसा घालून आतल्या खोलीत जायचे. एकदा मला जवळ घेऊन म्हणाले, तुला नवी शाळा आवडेल ना गं. मला वाटलं, झालं, ठरलं.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून येताना बेगमसाहेबांनी त्यांना चिकाआडून हाक मारली. मी अंगणातून ऐकत होते. त्या म्हणाल्या, मुन्शीजी, तुम्हारे जाने का बहुत अफसोस है, तुमरे जैसे किरायेदार नै मिलते. अण्णा छत्री मिटायची विसरून तसेच उभे राहिले. मग मान लववून आत आले. आई स्टुलावर उभी राहून वरच्या पट्टीला हात देत होती. अण्णांनी शेरवानी काढून खुंटीला अडकवली, बाह्या दुमडल्या आणि बादलीतला दुसरा कुंचा उचलला. माझ्या जन्मात मी त्यांना घरकामाला हात लावताना पाहिलं नव्हतं.

"आईला सांग," ते मला म्हणाले, "छताजवळचं मी करतो. घर परत देताना काम अर्धवट दिसायला नको."

मी आईकडं वळले, मान हलवायला. पण आई माझ्याकडं बघतच नव्हती.

"परत देताना?" ती सरळ त्यांना म्हणाली. "हुकूम आला?"

अण्णा गोंधळले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण मी काही मदत करू शकत नव्हते. "हुकूम नाही आला अजून," ते म्हणाले. "पण तू चुना काढलास. आषाढात. मी म्हणलं, हिला आता इथं राहवत नाही. रोज तर म्हणतेस, ह्या घरात जीव उबगला."

"भिंतीला उबगले हो मी." आईचा आवाज चढला होता. "नागपंचमीला नाग काढायचेत मला ह्या भिंतीवर. शेवटचा श्रावण आहे इथला, एकदा तरी नीट करू म्हटलं. तुम्ही जायचं सांगितलंत ना?"

"मी?" अण्णा म्हणाले. "मी इथंच राहायचं सांगितलंय. विचारलं त्याच दिवशी."

कुंच्यातून डिस्टेंपर अण्णांच्या पायावर टपकत होता. मग ते हळूच म्हणाले, "उद्या साहेबांकडं जाऊन ते बदलून घेणार होतो. मुंबईकडं जायला तयार आहे म्हणून सांगणार होतो."

आई स्टुलावरून उतरली आणि त्याच स्टुलावर बसली. तिच्या हाताला कोपरापर्यंत पांढरं लागलेलं होतं. ती म्हणाली, "नका सांगू." मग तिला रडू आलं, आणि रडताना ती हसायला लागली, आणि अण्णा तिथंच कुंचा घेऊन उभे. मला त्या दोघांचा इतका राग आला होता की दोन्ही कुंचे घेऊन दोघांना रंगवून काढावं असं वाटलं. इतके महिने मी घरात होते. वरणाचे निरोप पोचवत होते. एकानं जरी हा प्रश्न माझ्या हातात दिला असता तरी मी तो आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत नेला असता. पण राग फार वेळ टिकला नाही. अंगावरून काहीतरी मोठं ओझं उतरल्यासारखं झालं आणि मला सपाटून भूक लागली. त्या रात्री आईनं पिठलं टाकलं आणि मी चार भाकरी खाल्ल्याचं तिला पुढं कित्येक वर्षं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा कचेरीत गेले, पण साहेबांकडं गेले नाहीत. रविवारी त्यांनी खरंच छताजवळचं काम केलं, आणि इतकं वाईट केलं की आईला ते परत करावं लागलं. नागपंचमीला आईनं भिंतीवर पाच नाग काढले. मला आठवतं, तिनं सगळ्यात मोठा नाग बरोबर एका पक्ष्यावर काढला होता.

पण अजून खरं काही ठरलेलं नव्हतं. अण्णांनी राहायचं सांगितलं, म्हणून ठेवून घेतीलच असं नव्हतं. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या एकांनी राहायचं म्हटलं होतं आणि त्यांना मुंबईकडं टाकलं होतं. श्रावण गेला, गणपती आले आणि गेले, भाद्रपदही संपला. आम्ही तिघंही आता एकाच गोष्टीची वाट बघत होतो, एवढाच काय तो फरक, पण तो फार मोठा फरक होता. आई संध्याकाळी फाटकापाशी जाऊन उभी राहायला लागली. अण्णांच्या चालण्यावरून ओळखायला बघायची. मी तिच्या पदराला धरून उभी असायचे. फाटकातून ते आत आले की मान हलवायचे, अजून नाही, आणि आम्ही आत वळायचो.

दिवाळीच्या थोडं आधी एका संध्याकाळी ते आले आणि मान हलवली नाही. फाटकातच थांबले. "राहिलो," ते म्हणाले.

आईनं डोळे मिटून घेतले. मी उड्या मारायला लागले तर तिनं मला गप्प केलं, कारण शेजारच्या घरातल्यांचा हुकूम जायचा निघाला होता आणि ते लोक दारातच बसलेले होते. आम्ही आत आलो. पाट मांडला, पाणी ठेवलं. आई आता नीट श्वास घेत होती. मग तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, "आता भावजींना काय सांगायचं? ते तर वाट बघत असतील. शेताकडं बघायला तिसरा माणूस येणार म्हणून."

"त्यांना ठाऊक आहे," अण्णा म्हणाले.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यात गेलो होतो ना गावी. तेव्हाच सांगून आलो. माझ्या वाट्याची जमीन दोघांच्या नावावर करून दिली. इथं राहायचं तर तिथं पाय कशाला अडकवून ठेवायचा? कसणारे ते, मी नुसता नावाला."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. गौलीगुड्याचं माहेर टांग्यानं अर्ध्या तासावर असावं म्हणून हा माणूस आपला वाटा सोडून आला होता, आणि घरात कुणाला एक शब्द बोलला नव्हता. वर, बायको भिंत रंगवते म्हणून, त्याच मुलखात हात हलवत परत जायला निघाला होता. मला त्या वेळी हे सगळं कळलं नाही. आईला कळलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं.

"आणि मी खरंच जायचं म्हटलं असतं तर?" तिनं विचारलं. "कुठं राहिलो असतो आपण?"

"भाड्याच्या घरात," अण्णा म्हणाले. "इथं कुठं आपलं आहे?"

"मला विचारायचं होतं," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "पुढच्या वेळी मला विचारा."

"पुढची वेळ नको आता," अण्णा म्हणाले, आणि पाटावर बसले.